मायएसक्यूएल डेटाबेस स्वतःच सांभाळू की आरडीएस वगैरे भाड्याची सेवा घेऊ? ४० जीबी डेटा, तीन माणसं, एक कडक शेठ

सियागंज_सॉफ्ट, इंदूर

नमस्कार मंडळी, पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही तिघं मिळून किराणा घाऊकवाल्यांसाठी ऑर्डर-बिलिंगचं सॉफ्टवेअर चालवतो. सियागंज, मल्हारगंजकडची दुकानं, थोडी देवास-उज्जैनची. सगळा डेटा एका भाड्याच्या मशीनवर, मायएसक्यूएल ५.७, ४० जीबीच्या आसपास. कोड मीच लिहितो, डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) मीच आणि रात्रीचा चौकीदारही मीच.

रंगपंचमीला काय झालं ते सांगतो म्हणजे प्रश्न कळेल. राजवाड्यावर गेर (रंगपंचमीची मिरवणूक) बघायला गेलो होतो, वरून रंगाचे फवारे, मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला आणि तो त्या पिशवीत सारखा थरथरतोय. काढून बघतो तर एकाच शेठचे अकरा मिस्डकॉल. डिस्क भरली होती. बायनरी लॉग (डेटातल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या फाईली) चालू करून ठेवले होते पण ते किती दिवसांनी उडवायचे हे कधी सांगितलंच नव्हतं, आणि ५.७ मध्ये आपण सांगितलं नाही तर ते कधीच उडत नाहीत. मामाच्या दुकानात बसून गुलाबी हातांनी लॉग साफ केले, लॅपटॉपची स्पेसबार अजून गुलाबी आहे. इंदुरात सुट्टी होती म्हणून निभावलं, उज्जैनवाल्यांनी मात्र शिव्या घातल्या.

तर आता वाटतंय की हे सगळं मॅनेज्डवर टाकावं, म्हणजे डेटाबेसचं मशीन कंपनीने सांभाळायचं, आपण भाडं द्यायचं. अॅमेझॉनचं आरडीएस, ऑरोरा, गूगलचं क्लाऊड एसक्यूएल, मायक्रोसॉफ्टचं पण आहे. कोणतं घ्यावं, किती मोठं घ्यावं, आणि शेठ म्हणतात बिल दुप्पट होणार, ते खरं का?

जुना_ओरॅकलवाला, इंदूर

कोणतं घ्यावं ते नंतर बघू. शेवटचा बॅकअप कुठेतरी परत उभा करून कधी पाहिलास?

सियागंज_सॉफ्ट

काका रोज रात्री २ ला क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) चालतो, फाईल बनते, मला मेल पण येते "बॅकअप ओके" अशी.

जुना_ओरॅकलवाला

मी ते विचारलं नव्हतं.

सयाजीबाग, वडोदरा

काकांचं होईपर्यंत बिलाबद्दल सांगतो, आमच्याकडे दोन वर्षं आरडीएस चालू आहे. शेठचं म्हणणं अर्धं खरं आहे. नुसत्या मशीनपेक्षा महाग पडतं यात वाद नाही. मशीनचा तास, डिस्क वेगळी, मल्टी एझेड घेतलं की जवळपास दुप्पट कारण दुसऱ्या झोनमध्ये, म्हणजे वेगळ्या डेटा सेंटरमध्ये, आख्खं दुसरं मशीन उभं असतं, आणि वर १८ टक्के जीएसटी, त्याचं क्रेडिट मिळतं ते सीएला विचार. बॅकअपची जागा तुझ्या डेटाबेसच्या डिस्कइतकी फुकट असते, पण हाताने काढलेले स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या डेटाच्या प्रती) पण त्यातच मोजतात आणि ते आपोआप कधीच जात नाहीत, आमच्याकडे दीड वर्षापूर्वीचे पडून होते, "टेस्ट", "टेस्ट२", "टेस्ट_फायनल", सगळे भाडं खात.

आणि एक मजा ऐक. टेस्टिंगचं मशीन खर्च नको म्हणून मी बंद करून ठेवलं. सात दिवसांनी ते आपलं आपण चालू होतं! हे त्यांच्या माहितीत लिहिलेलंच आहे, मीच वाचलं नव्हतं, महिनाअखेर कळलं. आणि बंद असतं तेव्हाही डिस्कचे पैसे लागतातच.

लष्करकर, ग्वाल्हेर

मी उलट बाजूने बोलतो, नाहीतर सगळे एकाच सुरात गातील. मी तीन वर्षं स्वतःच्या मशीनवर पोस्टग्रेस (मायएसक्यूएलसारखाच दुसरा डेटाबेस) चालवतोय, पीजीबॅकरेस्टने बॅकअप, दुसऱ्या शहरात रेप्लिका (सारखी ताजी होणारी प्रत). खर्च एक तृतीयांश. मॅनेज्ड म्हणजे काय तर त्यांच्या तारखेला आपण नाचायचं. मायक्रोसॉफ्ट अॅझ्युअरचं सिंगल सर्व्हर नावाचं मॅनेज्ड आठवा, ते बंदच केलं, मायएसक्यूएलवाल्यांना सप्टेंबर २०२४ आणि पोस्टग्रेसवाल्यांना मार्च २०२५, सामान उचला आणि फ्लेक्झिबल सर्व्हरवर जा. आरडीएसवर ५.७ ची नेहमीची मुदत फेब्रुवारी २०२४ ला संपली, त्यानंतर तिथेच बसायचं तर एक्स्टेंडेड सपोर्टच्या नावाने दर कोअरला तासाप्रमाणे जादा पैसे. तू ५.७ वर आहेस, म्हणजे पहिल्या दिवसापासून दंड भरशील.

कबूल करतो, या तीन वर्षांत सख्ख्या चुलतभावाच्या लग्नात मी मांडवामागे बसून व्हॅक्यूम (पोस्टग्रेसची आतली साफसफाई) बघत होतो.

नंदिनी_भंवरकुआं, इंदूर

लष्करकर दादा ते मांडवामागचं वाक्यच सगळं सांगून गेलं हो.

माझा अनुभव वेगळा आहे. आम्ही कोचिंगवाल्यांची टेस्ट सिरीज चालवतो. रिझल्ट रात्री ८ ला लागतो आणि ७:५९ पासून आख्खं भंवरकुआं रिफ्रेश मारत असतं. सुरुवातीला १ जीबीचं सगळ्यात छोटं आरडीएस घेतलं होतं, मॅनेज्ड आहे ना, मतलब ते बघून घेतील असं डोक्यात. पहिल्याच मोठ्या रिझल्टला "टू मेनी कनेक्शन्स". तिथे मायएसक्यूएलला किती कनेक्शन मिळणार हे मेमरीवरून ठरतं, मेमरीचे बाइट भागिले १,२५,८२,८८०, म्हणजे १ जीबीला कागदावर ८५ आणि प्रत्यक्षात त्याहून कमीच. मी हुशारी करून तो आकडा १००० केला. पुढच्या रिझल्टला मेमरी संपून डेटाबेसच रीस्टार्ट झाला, मुलं फोनवर रडतायत, सर मागे उभे राहून "काय झालं काय झालं" करतायत.

शेवटी दोन गोष्टी केल्या. अॅपमध्ये कनेक्शन पूल लावला, ४० कनेक्शन, बाकीच्यांनी रांगेत थांबा. दुसरं म्हणजे रिझल्ट एकदा लागला की बदलत नाही, मग प्रत्येक मुलासाठी डेटाबेसला का विचारायचं? साधी फाईल बनवून ठेवतो. आता ८ वाजता डेटाबेस जांभया देत असतो. मशीन वाढवायच्या आधी हे बघा भिया, मोठं मशीन घेणं सगळ्यात सोपं असतं आणि सगळ्यात महाग.

सियागंज_सॉफ्ट

काका.

मशीनवर जाऊन बघितलं. बॅकअपच्या फोल्डरमध्ये ३० फाईली आहेत. तिसाही फाईली २० बाइटच्या.

नंदिनी_भंवरकुआं

२० केबी ना?

सियागंज_सॉफ्ट

२० बाइट ताई. वीस. रिकामी फाईल जीझिप केली (दाबून छोटी केली) की बरोबर तेवढीच होते हे आज शिकलो.

झालं असं की पाच महिन्यांपूर्वी मी डेटाबेसचा पासवर्ड बदलला, अॅपमध्ये बदलला, बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये राहिला. मायएसक्यूएलडंप (बॅकअप काढणारा प्रोग्राम) लॉगिनलाच आपटायचा, पण त्याच्यापुढे पाइप लावून (त्याचं आउटपुट थेट पुढच्याला देऊन) जीझिप होतं, जीझिप बिचारं रिकामं जे आलं ते गुंडाळून "माझं काम झालं" म्हणायचं, आणि स्क्रिप्ट बघत होती जीझिपचं उत्तर. एररचा आवाज मीच डेव्ह नलमध्ये (म्हणजे कचऱ्यात) घातलेला, मेल भरून जाते म्हणून. आणि ३० दिवसांपेक्षा जुन्या फाईली उडवायची ओळ मात्र रोज चोख चालत होती. म्हणजे चांगले बॅकअप एकेक करून मीच पुसले आणि त्याची "ओके" मेल मलाच येत होती.

हात थंड पडलेत.

जुना_ओरॅकलवाला

आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. असू दे, डेटा अजून मशीनवर आहे ना, मग काही गेलेलं नाही. आत्ता उठ, सिंगल ट्रान्झॅक्शनचा पर्याय (चालू डेटाबेसची एकाच क्षणाची प्रत देणारा) लावून हाताने डंप घे, दुसऱ्या मशीनवर कॉपी कर, त्याची शेवटची ओळ उघडून बघ, "डंप कम्प्लीटेड" असं लिहिलेलं असतं. स्क्रिप्टमध्ये पाइपफेल (पाइपमधलं काहीही पडलं तर कळवणारं) लाव आणि डेव्ह नल काढ. मग जेव.

आणि फार लाज वाटून घेऊ नकोस. ३१ जानेवारी २०१७, गिटलॅब, लोकांचा कोड साठवणारी कंपनी. रात्री इंजिनिअरने रेप्लिका समजून मुख्य मशीनवरचं डेटाचं फोल्डर उडवलं, थांबवेपर्यंत ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले. बॅकअप शोधायला गेले तर पीजी डंप (पोस्टग्रेसचा बॅकअप काढणारा) चुकीच्या आवृत्तीचा चालत होता म्हणून दर वेळी पडत होता, आणि पडल्याची मेल पाठवली जायची ती मेल सर्व्हर नाकारत होता. कुणीतरी योगायोगाने सहा तास आधी एक स्नॅपशॉट हाताने काढला होता, त्यावर उभे राहिले, मधल्या सहा तासांचा डेटा गेलाच. त्यांनी हे सगळं स्वतःच जगाला लिहून सांगितलं. तुझ्यापेक्षा कितीतरी पट माणसं होती त्यांच्याकडे.

सियागंज_सॉफ्ट

डंप झाला. ११:४० ला शेवटची ओळ दिसली. सराफ्यात जाऊन भुट्ट्याचा कीस खाल्ला, दुसरं काही सुचत नव्हतं.

आता ठरलं, मॅनेज्ड घ्यायचंच. कोणतं ते सांगा.

सयाजीबाग

तुझं अॅप जिथे राहतं तिथलंच डेटाबेस घे, बस. अॅप एका कंपनीकडे आणि डेटाबेस दुसरीकडे असं करू नको. तुझ्या बिलाच्या पानाला किती क्वेऱ्या (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) जातात मोजल्यास का? ३०० जात असतील आणि प्रत्येकीला जाऊन यायला १५ मिलिसेकंद धरले तर साडेचार सेकंद नुसते रस्त्यात. आज एकाच मशीनवर असल्यामुळे हे तुला दिसतच नाहीये.

अॅप अॅमेझॉनच्या मुंबईत नेणार असशील तर साधं आरडीएस मायएसक्यूएल. ऑरोरा चांगलं आहे, डेटाच्या सहा प्रती तीन झोनमध्ये ठेवतं, सहापैकी चारांनी हो म्हटलं की लिहिलं गेलं असं धरतं, पण ४० जीबीला ते म्हणजे गल्लीतल्या दुकानाला गोदाम. शिवाय ऑरोराच्या साध्या योजनेत डिस्कवरच्या प्रत्येक वाचण्या-लिहिण्याचे वेगळे पैसे लागतात, एखादी बिनइंडेक्सची (आख्खं टेबल चाळणारी) रिपोर्ट क्वेरी महिन्याचं गणित बिघडवते. गूगलवर असशील तर क्लाऊड एसक्यूएल, तेही मुंबईत आहे. यात फार डोकं खपवू नको.

लष्करकर

हरलो, घे बाबा. पण पोस्टग्रेस घे.

जुना_ओरॅकलवाला

नको. घर बदलताना लग्न पण उरकून घेऊ असं करायचं नाही. एका वेळी एक. मायएसक्यूएलच ठेव, फक्त ८.४ वर जा, ८.० ची कम्युनिटीची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतचीच.

नंदिनी_भंवरकुआं

५.७ सोडताना एक सांभाळ. ८ मध्ये "रँक" आणि "ग्रुप्स" हे राखीव शब्द झाले. आमच्याकडे रिझल्टच्या टेबलात कॉलमचं नावच रँक, कोचिंगचं सॉफ्टवेअर म्हणल्यावर दुसरं काय असणार, पन्नासेक क्वेऱ्या पडल्या. आणि जुन्यात ग्रुप बाय केलं की क्रम आपोआप लागायचा, ८ मध्ये लागत नाही, ऑर्डर बाय स्वतः लिहावं लागतं. एरर येत नाही, नुसता रिपोर्टचा क्रम बदलतो, आणि ते शेठलोकांच्या लगेच डोळ्यात येतं.

अजून एक, टेबलांची अक्षरं साठवायची पद्धत यूटीएफ८ आहे की यूटीएफ८एमबी४? मायएसक्यूएलचं जुनं यूटीएफ८ तीन बाइटपर्यंतच जातं. आपलं देवनागरी तीन बाइटात बसतं म्हणून मराठी-हिंदी नावं वर्षानुवर्षं नीट चालतात आणि मग एक दिवस कुणीतरी ऑर्डरच्या शेऱ्यात हात जोडलेला इमोजी टाकतं, तो चार बाइटचा, ऑर्डरच सेव्ह होत नाही.

सियागंज_सॉफ्ट

हेच! "ऑर्डर अडकली" म्हणून महिन्याला दोन फोन येतात आणि मला कधी सापडलं नव्हतं. एक व्यापारी प्रत्येक ऑर्डरला जय श्रीराम लिहून हात जोडतो, त्याच्याच अडकतात.

मशीन किती मोठं घेऊ? आणि ते मल्टी एझेड घेतलं तर बॅकअप नको ना मग?

जुना_ओरॅकलवाला

दुसऱ्या प्रश्नाला आधी. बॅकअप पाहिजेच! मल्टी एझेडमध्ये दुसऱ्या झोनमधली प्रत क्षणाक्षणाला सारखी ठेवलेली असते. तू व्हेअर (कोणत्या ओळी ते सांगणारी अट) न लावता डिलीट मारलंस तर तेही तितक्याच इमानदारीने तिथे पोचतं. ती सोय मशीन किंवा इमारत पडली तर. त्या दुसऱ्या मशीनवरून, दोनच मशीनांचा साधा प्रकार असेल तर, वाचता पण येत नाही, रिपोर्ट तिथे चालवू असं समजू नकोस, त्याला वेगळी रीड रेप्लिका लागते आणि ती थोडी मागे असते. चुकीच्या डिलीटसाठी पॉइंट इन टाइम रिस्टोर, ३५ दिवसांपर्यंत ठेवता येतं, साधारण पाच मिनिटांपूर्वीपर्यंतच्या कुठल्याही क्षणाला जाता येतं. पण लक्षात घे, रिस्टोर म्हणजे जुन्यावर लिहिलं जात नाही, नवीन मशीन नवीन पत्त्यावर उभं राहतं. अॅपचा पत्ता कोण बदलणार, कुठे बदलणार, हे आधी कागदावर लिहून भिंतीला चिकटव.

डिलीशन प्रोटेक्शन (चुकून मशीन उडवू न देणारं) चालू कर. एन्क्रिप्शन पहिल्याच दिवशी चालू कर, नंतर चालू मशीनवर ते लावता येत नाही, स्नॅपशॉट काढून त्याची एन्क्रिप्टेड कॉपी करून परत उभं करावं लागतं. पब्लिक अॅक्सेस बंद, मायएसक्यूएलचं ३३०६ पोर्ट आख्ख्या जगाला उघडं ठेवणाऱ्यांशी मी बोलत नाही.

सयाजीबाग

साइज: ४ जीबीच्या टी४जी मीडियमपासून सुरू कर. मेमरीचा बराच मोठा भाग बफर पूलला (लागणारा डेटा मेमरीत धरून ठेवायच्या जागेला) जातो. तुझा ४० जीबी डेटा दिसत असला तरी रोजचा लागणारा दोन-तीन महिन्यांचाच असेल. महिनाभर बघ, डिस्कवरून वाचणं सारखं जास्ती दिसलं तर ८ जीबीचं घे. टी घराण्याचं एक ध्यानात ठेव, ते सीपीयू उधारीवर देतं, दिवसभर दाबून चालवलंस तर टी३, टी४जी मंद होत नाहीत, जादा पैसे लावतात. रिझर्व्ह (वर्षभराचा करार करून स्वस्तात) आत्ता घेऊ नको, साइज नक्की झाल्यावर वर्षाचं घे.

डिस्क जीपी३, कितीही छोटी घेतलीस तरी ३००० आयऑप्स (सेकंदाला इतक्या वेळा वाचणं-लिहिणं) मिळतात. पण डिस्क वाढवता येते, सरळ कमी करता येत नाही, म्हणून आधीच ५०० जीबी घेऊन बसू नको. आणि मेंटेनन्सची वेळ यूटीसीत (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असते. मी रविवारी पहाटे ३ म्हणून ०३:०० टाकलं होतं. ते आपले सकाळचे साडेआठ. ऐन सेव-उसळीच्या वेळी डेटाबेस पॅच होत होता.

सियागंज_सॉफ्ट

तीन आठवड्यांनी परत आलो, राहिलेलं सांगतो.

शिफ्ट झालो. आधी डंप चढेना, "सुपर प्रिव्हिलेज पाहिजे" म्हणे. आपल्याला तिथे रूट (सगळे अधिकार असलेला युजर) मिळतच नाही, मास्टर युजर असतो पण त्याला सुपर नाही, आणि माझ्या जुन्या ट्रिगर-प्रोसिजरमध्ये (डेटाबेसमध्येच साठवलेल्या कोडमध्ये) डिफायनर, म्हणजे मालक, म्हणून रूट बसलेला. सेडने (फाईलमधला मजकूर बदलणाऱ्या कमांडने) सगळे डिफायनर उडवले आणि पॅरामीटर ग्रुपमध्ये (तिथल्या सेटिंगच्या यादीत) लॉग बिन ट्रस्टवालं १ केलं. डिफॉल्ट ग्रुप बदलताच येत नाही, स्वतःचा बनवून जोडावा लागतो आणि जोडल्यावर एकदा रीबूट, यात एक संध्याकाळ गेली.

काकांचं ऐकून शिफ्ट व्हायच्या आधी रिस्टोर करून पाहिलं. नवीन मशीन ३४ मिनिटांत "उपलब्ध" दिसलं, पण पहिला अर्धा तास रिपोर्ट अक्षरशः रांगत होते.

जुना_ओरॅकलवाला

स्नॅपशॉटवरून उभं राहिलं की डेटा मागून हळूहळू येतो, ज्याला पहिल्यांदा हात लावशील ते उशिरा मिळतं. मोठ्या टेबलांवर एकेक फुल स्कॅन (आख्खं टेबल वाचणं) मारून घे. आणि शेठला ३४ मिनिटं सांगू नकोस, सव्वा तास सांग.

सियागंज_सॉफ्ट

सांगितला. ते म्हणाले गेल्या वेळी गेर संपेपर्यंत बंद होतं, सव्वा तास चालेल. बिल दुप्पट नाही, पण दीडपटीच्या वर गेलंय, त्यावर अजून तोंड वाकडं आहे.

आता एक नवीनच लफडं. पहाटे ट्रान्सपोर्टवाले ४-५ वाजता ज्या ऑर्डरी टाकतात त्यांना आदल्या दिवशीची तारीख लागतेय. सकाळी ६ नंतरच्या बरोबर येतात.

नंदिनी_भंवरकुआं

साडेपाचपर्यंतच्या चुकत असतील. सर्व्हर यूटीसीत आहे तुझा. त्याच पॅरामीटर ग्रुपमध्ये टाइम झोन एशिया कलकत्ता कर आणि अॅपचा पूल रीस्टार्ट कर, जुनी कनेक्शन्स जुन्याच वेळेत राहतात. चुकलेल्या तारखांची दुरुस्ती करायच्या आधी स्नॅपशॉट काढ.

सियागंज_सॉफ्ट

झालं ताई. आज पहाटे ४:१० ची ऑर्डर आजच्याच तारखेत आली, हात जोडलेल्या इमोजीसकट. स्नॅपशॉटला नाव दिलंय "तारीख_दुरुस्ती_आधी", पुढच्या महिन्यात उडवायचा रिमाइंडर लावलाय.